पापड नेमके कुठे तुटतात

कशेळे, ४ मार्च २०२५

चि. नवनाथ यास आवडीताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतोस, म्हणून पत्र. आमच्या बचत गटाचे नाचणीचे पापड कळंबच्या रिसॉर्टवाल्याने दुसऱ्यांदा परत पाठवले. निम्मे तुटके. सोळा तारखेला शेवटची संधी, नाहीतर आमचं काम बंद. मी पीठ बदललं, वाळवण्याची जागा बदलली, बायकांना बोल बोल बोलले. तुझ्या खालापूरच्या कारखान्यात ते क्वालिटी सर्कल, कामातल्या चुका शोधणारा कामगारांचा गट, आहे ना? त्यातलं काही सांग. आणि तुझी रूपाली देवाघरी गेल्यापासून नीट जेवतोस की नाही, तेही कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावलेली,
ताई

खालापूर, ९ मार्च २०२५

ती. आवडीताईस सा. न. वि. वि.

जेवतो. भाकरी जमते, गोल होत नाही. रूपाली हसली असती.

१९६२ साली जपानमध्ये फोरमन लोकांसाठी मालाचा दर्जा कसा राखावा यावर एक स्वस्त मासिक निघालं. एकट्याने वाचायची त्यांना सवय नव्हती, म्हणून कामगारांसह गट करून वाचायला लागले. वाचलेलं आपल्याच कामावर करून बघायचे. तिथून ही सर्कल आली.

आमच्या गटाचा नियम असा. चूक कोणाची हे विचारायचं नाही, कुठे होते ते शोधायचं. नवीन माणसाने आधी बोलायचं, प्रमुखाने सर्वांत शेवटी. ताई, हे तुला जमेल का, याचीच काळजी वाटते.

लोभ आहेच, तो असाच ठेव.
नवनाथ

कशेळे, १८ मार्च २०२५

चि. नवनाथ यास अ. आ.

जमलं. तोंडात सुपारी धरून बसले होते. वाडीवरची भागी गटात सर्वांत नवीन. आधी लाजली, मग म्हणाली की पापड इथून अख्खे निघतात, जीपमध्ये तुटतात. कसे, तर ताई खोक्यावर बसतात! टपावर धूळ लागेल म्हणून मी खोकं आत घेते, आणि जागा नसली की त्याच्यावरच बसते. सगळ्यांना ठाऊक होतं रे, माझ्या तोंडाला भिऊन गप्प होत्या. गटातली गोमाबाई तर हसून हसून खाटेवरून घसरली.

रविवारी खोकं मांडीवर घेऊन गेले. एकही तुटला नाही, काम राहिलं. आता माझ्या जागी भागीला प्रमुख करावं, असं मीच सुचवलं. एकीनेही नको म्हटलं नाही, हे मात्र जरा लागलं.

भाकरी चौकोनी झाली तरी चालेल, पण पोटभर खा.
तुझी ताई