सहाव्या पाइपचं भोक

सोम., ३ नोव्हें.
हिंगण्याच्या कारखान्यात लागून तीन आठवडे. एवढा मी कुठंच टिकलो नाही. ताई म्हणते, बसचा पास संपेपर्यंत तरी राहा.
नवं काम, स्टीलचे सहा पाइप. समुद्राची उंची मोजायला कुठल्याशा बेटावर जाणार. पाइप आपला, आतलं यंत्र जपानचं, बंदराचा धक्का बेटवाल्यांचा, आकडे सगळ्या देशांना. प्रत्येकाच्या बुडाला एक बारीक भोक, ते पाडायचं काम माझ्याकडे. समुद्र मी पाहिलेला नाही.

बुध., ५
पाच झाले. सहावा घेणार तेवढ्यात बाजूच्या कंपनीत धामण निघाली. पाहायला गेलो. सर्पमित्र उशिरा आला, मग चहा. परतलो तर मशीनला कोणीतरी मोठा ड्रिल लावून ठेवलेला. न पाहता पाडलं. मोठं पडलं. थोडंच. भोक ते भोक.
वामनभाऊंनी, म्हणजे आमच्या फोरमननी, वेल्डिंग पाहिलं, लांबी मापली. "भोकं बरोबर हायेत न गा?" हो म्हटलं. त्यांनी सही केली.

शुक्र., ७
माल गेला. जेवताना सहज विचारलं, भोक एवढं बारीक काहून?
"बाहेर लाटा नाचून राहिल्या तरी आत पाणी ठहरलं पाहिजे. भोक मोठं केलं तं लाट आत. मंग मोजतं काय, कपाळ?"
डबा तसाच बंद केला.

शनि., ८
कळमेश्वरला गोदामात काम आहे म्हणे. बॅग भरली.
ताई: "आता काय झालं रे?"
"काही नाही." बॅग दाराशी तशीच राहिली.

सोम., १०
वामनभाऊंना सांगितलं. ऐकून ते हात पुसू लागले.
"साप पाहाले गेल्ता?"
"हो."
"विषारी तरी होता काय?"
"धामण."
"धामणीपायी माही नोकरी घालवतं काय गा? पाच महिने राहिले रिटायरले." मग, "कोणाले सांगू नको. मी पाहतो."
काय पाहणार? माल तर गेलेला.

मंगळ., ११
पाइपच्या ड्रॉइंगवर बेटावरच्या इंजिनिअर बाईंचा ईमेल पत्ता होता. मोबाइलवर भाषांतर करून पाठवलं. एका पाइपचं भोक मोठं आहे, चूक माझी, बसवू नका.

गुरु., १३
सकाळी उत्तर. आभार मानलेत. माल पोचायचा आहे, बुडाची भोकवाली चकती बदलता येईल. फक्त पाइपचा नंबर आणि तपासणाऱ्याचं नाव कळवा.
नंबर लिहिला, सहा. तपासणाऱ्याला मीच खोटं सांगितलं, एवढं लिहून भागेल का? नाव मागितलंय. उत्तर अजून पाठवलेलं नाही.
कंपनीच्या बसमध्ये लिहितोय. वामनभाऊ पुढच्या स्टॉपला चढतात. शेजारच्या सीटवर डबा ठेवून त्यांच्यासाठी जागा धरली आहे.