तिसरा पट्टा लाल होता

अहो,

काल बागूलकाका आले होते. तुमच्या गाळ्याशेजारचे, पंखे दुरुस्त करणारे. तुमचं तेरावं झालं, आता रविवारी इंदिरानगरात शोकसभा ठेवली आहे म्हणाले. "वहिनी, चार ओळी लिहून द्या. भाऊंची नजर म्हणजे नजर! रेझिस्टरचे रंगीत पट्टे नुसते बघून तो किती ओहमचा ते सांगायचे." मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. चार ओळी लिहायला बसले आणि तुम्हालाच लिहायला लागले. दुसऱ्या कोणाला कळणार आहे?

तुमची नजर! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही पिकलेले म्हणून किलोभर हिरवेगार टोमॅटो घेऊन आलात. मी मखमलाबादच्या भाजीवाल्यांची लेक, हसून हसून पुरेवाट झाली माझी. तुम्ही हसला नाहीत. दार लावून घेतलंत आणि सांगितलंत, की लाल, हिरवा, तपकिरी तुम्हाला सारखेच दिसतात. ओझरच्या कारखान्यातली नोकरी वशिला नव्हता म्हणून नाही, डॉक्टरांच्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकापायी हुकली. मग तुमच्या जिवाची शपथ घातलीत, कुणाला सांगायचं नाही. आता ती मोडून तुमचं काय वाईट होणार आहे?

दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. विजेला आवर घालणारा तो इवलासा रेझिस्टर धड असला तर मीटरवर मोजता येतो, जळाला की मोजता येत नाही. त्याचे पट्टेच वाचावे लागतात. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं पांढरा नऊपर्यंत मी आठवड्यात पाठ केलं. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे त्यांच्यापुढची शून्यं. मी हळूच रंग सांगायची आणि तुम्ही गिऱ्हाइकाकडे बघत मोठ्यानं म्हणायचात, "सत्तेचाळीसशे ओहम!" कौतुक सगळं तुमचं. चालेल, म्हटलं. नवराच आहे.

पण तुम्ही तेवढ्यावर थांबलात का? बायकांसाठी टीव्ही दुरुस्तीचा वर्ग निघाला, मी त्याचा फॉर्म आणला. दुकानात चार माणसं उभी असताना तुम्ही तो मोठ्यानं वाचून दाखवलात. "हिच्या डोक्यात मिसळणाच्या डब्यापलीकडे काही शिरत नाही. घरी करमत नाही म्हणून इथं आणून बसवतो." सगळे हसले. मग त्याच फॉर्मला तुम्ही सोल्डरिंगचं टोक पुसलंत. आणि पाचच मिनिटांनी, देवळाली कॅम्पातल्या सुभेदारांचा टीव्ही उघडून, जळका रेझिस्टर माझ्यापुढे धरलात. "हं, बोल."

पिवळा, जांभळा, लाल. मी म्हटलं, "पिवळा, जांभळा, तपकिरी."

सत्तेचाळीसशेच्या जागी चारशे सत्तर बसला. चित्र आलं, दोन दिवस टिकलंही. तिसऱ्या दिवशी सुभेदार जळालेला टीव्ही रिक्षात घालून देवळालीहून आले आणि भर दुकानात ओरडले, "अंधे हो क्या?" नेमका तोच शब्द! तुमचा चेहरा खर्रकन उतरला. मी कोपऱ्यात स्क्रू निवडत बसले होते. खरं सांगू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

जेवताना तुम्ही विचारलंत, "शैला, तिसरा पट्टा नक्की तपकिरी होता ना?"

"तपकिरीच."

तेव्हा तरी संशय घ्यायचात! शिव्या द्यायच्यात! एरवी आमटीतल्या मिठावरून ताट सरकवणारा माणूस, त्या दिवशी नुसतं "मग माझंच काहीतरी चुकलं" म्हणून उठला. आठवडाभर तुम्ही त्या जळक्या सेटमध्ये न केलेली चूक शोधत बसलात. पुढं प्रत्येक जोड तीन-तीनदा तपासायला लागलात. टीव्ही घेणंच बंद केलंत, नुसत्या इस्त्र्या आणि मिक्सर. मी सात वर्षं हे रोज बघत होते. त्या फॉर्मबद्दल एकदा जरी चुकलं म्हणाला असतात, तर सांगून टाकलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत, मी सांगितलं नाही. जन्मभर माझ्या डोक्याला नावं ठेवलीत आणि विश्वास ठेवलात तो माझ्याच डोळ्यांवर! स्वतःच्या हातांवर का नाही हो ठेवलात?

तुमचा हात चुकला नव्हता. लाल होता तो पट्टा, मला चांगला दिसला होता. हे तुम्ही जिवंत असताना सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि खरं म्हणजे इच्छाही नव्हती.

रविवारी चार ओळी देणार नाही, उभी राहून बोलणार आहे. तुम्हाला रंग दिसत नव्हते, हे सांगेन. पट्टे मी वाचायची, हे सांगेन. बागूलकाकांचं तोंड उघडंच राहील. मग सुभेदारांचा टीव्ही कुणी जाळला आणि त्यानंतर सात वर्षं गप्प कोण बसलं, तेही सांगेन. तुमची अब्रू जाईल, तर माझीही जाऊ दे. शब्द देते, तुमचं उघडं करून माझं झाकणार नाही.

तुमचीच,
शैला