चौथी पत्ती

अण्णा,

तुमच्या त्या शिष्याने मुंबईहून त्याच्या पुस्तकाची छापायच्या आधीची पानं माझ्याकडे पाठवली. ज्या सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याची उभी हयात गेली, त्याचा इतिहास लिहिलाय. आधी नुसते गोरे वाजवणारे, मग गोव्याचे, मग सिनेमाचं रेकॉर्डिंग उरकून तालमीला धावत येणारे, असं करत करत सातव्या प्रकरणात आपला साखर कारखाना येतो आणि तुम्ही येता, कारखान्याच्या बँडचे मास्तर. मी कुठेच येत नाही. सोबत चिठ्ठी आहे, 'ताई, काही चुकलं असेल तर सांगा.' दोन दिवस ती पानं गादीखाली ठेवून मी घरात फिरत होते.

तो तुमचा कोण हो? मेंढरं राखणाऱ्या घरातला, कारखान्यात गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकणारा गडी. त्याला तुम्ही क्लॅरनेट दिलंत, आणि मी पोटची पोर भाकरी थापत आतून ऐकत राहिले. प्रत्येक गत त्याच्या आधी मला पाठ व्हायची. एकदा तुम्ही बाहेर गेलेले पाहून मी फुंकून बघितलं, तर तुम्ही दारात! "ठिव ते. कावून हात लावला? पोरीच्या जातीनं गाल फुगवायचे न्हाईत." मग जरा वेळानं समजूत काढल्यासारखं म्हणालात, "तुजा हात लई हलका हाय. तू पत्त्या घास." क्लॅरनेटच्या तोंडाशी बांधतात ती बोटभर वेताची पत्ती. विकतची जाड असायची, काचेच्या तुकड्यानं घासून तिला बोलती करायचं काम माझं. फुंकणार तो.

दुष्काळाच्या त्या वर्षी शिवारात ऊसच नव्हता. बॉयलर पेटला नाही, बँडचे लाल कोट ट्रंकेत पडून राहिले. टँकर चार दिवसांनी यायचा. आई तांब्या मोजून पाणी द्यायची, आणि माझ्या वाट्यातलं अर्धं फुलपात्र तुम्ही त्याच्या पत्त्या भिजवायला काढून ठेवायचात. आई म्हणाली, "पोरीला प्यायला न्हाई अन् लाकडाला पाजता व्हय?" तुम्ही म्हणालात, "मुंबईला परीक्षा हाय त्याची. ऑर्केस्ट्रात घ्येतील." मी जळायचे, अण्णा. अजूनही जळते, हे लिहिताना हात गरम झालेत.

जायच्या दिवशी चार पत्त्या घासायला दिल्यात. तीन तुम्ही वाजवून पाहिल्यात. चौथी एसटीची वेळ झाली म्हणून तशीच डबीत टाकलीत. आठवड्यानं तो परत आला तो नाचतच. तुमच्या पाया पडून म्हणाला, "मास्तर, तीन पत्त्या तितल्या दमट हवेत फुगून बसल्या, आवाजच न्हाई. चौथी तेवढी वाजली. तुमी मुद्दाम पातळ घासली हुती ना?" तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मग मिशीवरून हात फिरवून म्हणालात, "अनुभव लागतो, बाबा." तव्यावरची भाकरी करपून गेली होती.

पुस्तकात तेच आलंय. मास्तरांनी समुद्र न पाहताच समुद्राची हवा ओळखली, म्हणे! माझं श्रेय तुम्ही लाटलंत म्हणून मी सगळा जन्म धुसफुसत काढला. पण ती पत्ती मी बिघडवायलाच इतकी पातळ घासली होती. मोठ्या माणसांसमोर तिनं किंचाळावं, त्यानं तोंड पाडून परत यावं आणि क्लॅरनेट आपल्या घरात राहावं, म्हणून. माकड करायला गेले आणि गणपती झाला. आता श्रेय मागायचं तर आधी हे सांगावं लागतं. त्या दिवशीच्या नजरेत तुम्ही मला झाकलंत की स्वतःला मिरवलंत, हे विचारायला तुम्ही नाहीत.

हे पत्र तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि त्याला तर मी ते मुळीच दाखवणार नाही. त्याची पानं आज दुपारी पोस्टात टाकली, काही चुकलेलं नाही असं लिहून. एका ठिकाणी तेवढं पेन चालवलं. 'मास्तरांनी घासलेली पत्ती' असं होतं, ते खोडून 'मास्तरांच्या घरात घासलेली पत्ती' असं केलं.