खिडकीतली पात

१ दी, सकाळ
आज दी महिना लागला. काल यल्दाला, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, कयूमर्स आला होता. माझा मेहुणा. लाहिजानला राहतो आणि तिकडच्या पावसाचं श्रेय स्वतःकडे घेतो. कलिंगड खाता खाता सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, तुमच्या हमदानला थंडीत उगवतं काय, तर सर्दी." सगळे हसले. मलीहेसुद्धा. सख्खी बायको!

तिथल्या तिथे जाहीर केलं: तीन महिन्यांनी, नवरोजच्या आदल्या दिवशीचा सब्जी-पुलाव माझ्या खिडकीत, मी बियांपासून वाढवलेल्या पाल्याचा होईल. कोथिंबीर, शेपू, मेथी, कांद्याची पात. बाजारची एक काडी घरात येणार नाही. सोबतचा मासा त्याने आणायचा. हरलो तर नवरोजच्या तेराव्या दिवशीच्या सहलीत त्याला सर्वांदेखत 'उस्ताद' म्हणायचं. एकतीस वर्षं जमिनी मोजल्या मी. चार कुंड्यांचं काय घेऊन बसलात!

२ दी
मलीहे बाजारातून दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन आली आणि दिवसभर स्वयंपाकघराचं दार लावून बसली. काय चाललंय विचारलं तर म्हणे, "तुम्ही तुमचं बघा." मी माझंच बघत होतो. खिडकीचा आराखडा काढला, मोजमापासकट. उत्तम झालाय.

९ दी
पेरणी. बियांचा दुकानदार म्हणाला, धणे रगडा, दोन फाकी करून पेरा. जिवंत बी रगडायची! असल्या लोकांनी दुकानं थाटलीत. अख्खे पेरले. कुंड्या थेट रेडिएटरवर. ऊब हवी की नको?

२१ दी
मेथी आली. शेपू आला. धणे विचार करताहेत. कयूमर्सला फोटो पाठवला. उत्तर आलं, "दाजी, सोबत भिंगपण पाठवा." जळफळाट, दुसरं काय.

४ बहमन
शेपू वीतभर! मलीहेचं मत: उजेड नाही म्हणून लांबलाय, त्यात जीव नाही. तिचं मत कुणी मागितलं नव्हतं.
संध्याकाळी ५. शेपू आडवा. विश्रांती घेतोय.

६ बहमन
शेपूवर पांढरी बुरशी. पुलावात शेपू हा मुळात लाहिजानकडचा चोचला.

११ बहमन
धण्यांची माती उकरली. भाजलेत. वास छान येतो.

१९ बहमन, सकाळी ७
मेथी लाडावलीय. तिला बाहेरच्या हवेची सवय हवी. खिडकी उघडली, पाच मिनिटांसाठी.
सकाळी ११. शेजारचे सफदरसाहेब बुद्धिबळाचा पट घेऊन आले. मेथी काळी पडली. बाहेर उणे चौदा. डाव मी जिंकत होतो. मलीहे दारात येऊन म्हणाली, "खिडकी तुम्हीच उघडलीत ना?" असे प्रश्न विचारून काय मिळतं माणसाला?

२ इसफंद
नवा निर्णय: फक्त पात. एकच पीक, पण अस्सल. पुलावात चार पाल्यांची खिचडी हवीच कशाला?

मलीहे हळूच म्हणाली, "अहो, आणू का गुपचूप दोन जुड्या? कुणाला कळणार नाही." म्हटलं, मला कळेल. खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून या घरात मला कुणी काही विचारत नाही. एवढी एक गोष्ट जमायलाच हवी. हे फक्त इथे लिहितोय.

१४ इसफंद, संध्याकाळ
पहिली पात आलीच नाही. माती नालायक. उरलेलं अख्खं पाकीट वाटीत कोमट पाण्यात भिजवलं. वर चिमूटभर साखर, ही युक्ती माझी. वाटी रेडिएटरशेजारच्या फळीवर ठेवली. तिथेच मलीहेने नवरोजच्या मांडणीसाठी तसल्याच वाटीत गहू भिजत घातलेत. दरवर्षीचं. मग ताटलीत ओलं फडकं, वर गहू, दहा-बारा दिवसांत हिरवंगार. पहिलीतली पोरंसुद्धा उगवून दाखवतात. याला बागकाम म्हणत नाहीत.

१५ इसफंद, पहाटे
कमाल! बिया रात्रीत चौपट फुगल्या. काळ्याकुट्ट होत्या, पिवळसर झाल्या. साखरेचा गुण. चष्मा सापडत नव्हता, तरी फरक लगेच ओळखला. खोक्यात दाट पेरल्या.
दुपार. मलीहे घरभर गव्हाची वाटी शोधत होती. स्वतःच ठेवायचं, स्वतःच हरवायचं. वस्तू जागच्या जागी ठेवण्याबद्दल तिला चार शब्द सुनावले. तिने गुमान दुसरे गहू भिजवले.

१९ इसफंद
उगवली! दुकानदार म्हणाला होता, तीन आठवडे लागतील. त्याला लागत असतील.

२४ इसफंद
वीतभर, ताठ, गर्द हिरवी. मलीहे खोक्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "ही पात?" तिला पाकिटावरचं चित्र दाखवलं. "पण वास कसा येत नाही?" म्हटलं, घरंदाज आहे, बाजारच्यासारखी भपकत नाही. ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. भरून आलं असावं तिला.

२९ इसफंद, रात्र
जेवायला अकरा माणसं. कयूमर्सचा मासा, ठीक होता. पात मी स्वतः कात्रीने कापली. मलीहे म्हणाली, "पुलावात नको, ताजी आहे, कच्चीच वाढू." मीच थाळी कयूमर्सपुढे सरकवली. त्याने चिमूटभर घेतली. चावली. आणखी चावली. मग म्हणाला, "दाजी, म्हशीला पण जेवायला बोलवायचं होतंत."

सासूबाईंनी एक पान बोटांत धरून डोळ्यांजवळ नेलं. "अरे, हा गहू. छान आलाय हो, जावईबापू."

मलीहेने फ्रिजवरून एक वाटी काढून माझ्यासमोर ठेवली. तळाशी सुकलेल्या काळ्या बिया. "पंधरा तारखेपासून इथेच आहेत. विचारलं असतंत तर दिल्या असत्या."

मग तिने पातेल्याचं झाकण काढलं. पुलाव हिरवागार. शेपूसकट. एवढा पाला कुठून आला विचारलं, तर म्हणाली, "होता थोडा घरात." सगळ्यांनी दोनदा घेतला. मी तीनदा. भूक लागली होती.

१३ फरवर्दीन, संध्याकाळ
तेराव्या दिवसाची सहल. रिवाजाप्रमाणे नवरोजचं हिरवं ओढ्यात सोडलं. मलीहेने स्वतःची ताटली सोडली आणि माझं खोकंही. सासूबाई म्हणाल्या, इतकं दाट हिरवं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी 'उस्ताद' म्हणालो. कयूमर्सला ऐकू गेलं नाही म्हणे. पुन्हा म्हणालो.

घरी येऊन सरबतासाठी बर्फ काढायला गेलो. फ्रीजरच्या कोपऱ्यात चिरून गोठवलेल्या पाल्याची एक पिशवी उरली होती. वर मलीहेचं अक्षर: 'नवरोजचा पुलाव.' खाली तारीख: २ दी.

मी पहिली बी पेरली ९ दीला.