अक्षरं गाळणारा दगड

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळे पुढे माझं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी बहारीनला असतो. हूरा भागात भाड्याचा फ्लॅट आहे, बायको एका ऑफिसात अकाउंट्स बघते, मुलगी आठवीत आहे आणि मी मराठीत बोललो की इंग्रजीत उत्तर देते. माझं काम एसीचं. मीना सलमान बंदराजवळ एका श्रीमंत माणसाचं खाजगी गोदाम आहे. त्यानं ठिकठिकाणहून विकत घेतलेल्या जुन्या वस्तू त्यात ठेवल्यात. तिथली हवा बारा महिने एकसारखी राखायची, ना दमट ना कोरडी, ही माझी जबाबदारी. या उन्हाळ्यात तिथे जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण ते दगडावरच्या अक्षरांबद्दल आहे, आणि त्याबद्दल घरात मी तुमच्याशिवाय कुणाशी कधी बोललेलो नाही.

हिवाळ्यात एक लाकडी पेटी आली. आत चीनमधला शिलालेख होता. माणसापेक्षा उंच, करडा, वाळूच्या जातीचा दगड. माथ्यावर एकमेकांत गुंतलेले नाग वाटावेत असे दोन प्राणी. ते ड्रॅगन आहेत हे नंतर कळलं. त्याखाली कोनाड्यात हाताएवढा बुद्ध, नाक झिजलेलं. आणि तिथून पार तळापर्यंत उभ्या ओळींत अक्षरं. मला एकही वाचता येत नव्हतं, तरी मी त्याच्यापुढून हललो नाही. प्रत्येक रेघ तिरकी, टोकदार सुरू होत होती आणि शेवटी एकदम तोडल्यासारखी थांबत होती. छिन्नी कुठल्या अंगानं आत शिरली ते दिसत होतं. वाटलं, मी कराडच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे, तुम्ही मांडी घालून एका शाळेच्या कोनशिलेवर वाकला आहात, गेरूनं आखलेल्या 'श्री'वर हातोडी हलकी हलकी चालते आहे. 'आधी अक्षराचं पोट मोकळं करायचं,' तुम्ही म्हणता, 'मग काना. घाई केली की कड उडती.'

गोदामातल्या वस्तूंची तपासणी करायला एक चिनी बाई येत. साठी ओलांडलेल्या, बारीक, इंग्रजी अगदी हळू बोलणाऱ्या. मी रेंगाळतोय हे पाहून त्यांनीच सांगायला सुरुवात केली. दीड हजार वर्षांपूर्वी उत्तर चीनमध्ये एकामागून एक राज्यं पडत होती. त्या धामधुमीत एका गावानं मिळून हा दगड उभा केला. वर बुद्ध, खाली प्रार्थना की सात पिढ्यांच्या आईबापांना चांगला जन्म मिळो, आणि शेवटी गावकऱ्यांची नावं. कोरणाऱ्याचं नाव नाही. आधी कुंचल्यानं लाल रंगात लिहायचं आणि मग कोरायचं, तुमच्यासारखंच. पण या कारागिरानं कुंचल्याचा मऊपणा जपला नव्हता, छिन्नीला जे शोभतं ते केलं होतं. 'कित्येक शतकं शिकलेली माणसं या अक्षरांना गावंढळ म्हणत होती,' बाई म्हणाल्या. 'फार उशिरा त्यांना कळलं की गुळगुळीत वळणं गिरवून आपला हात मेलाय आणि जोर इथे शिल्लक आहे. मग लांबून लांबून लोक ठसे घ्यायला येऊ लागले.' दगडावर ओला कागद दाबून बसवायचा, वरून शाई लावलेली कापडाची पुरचुंडी हलकी आपटायची, की काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. दगड गेले तरी लेखन टिकलं ते या ठशांवर. पण दर ठशाला दगड थोडा झिजतो. ठसे मागायला येणाऱ्या अधिकाऱ्यांची सरबराई करून विटलेल्या काही गावांनी आपले दगड स्वतःच फोडले, असंही सांगतात म्हणे. हे सांगताना बाई दगडाकडे बघत नव्हत्या.

उन्हाळा आला आणि गोदाम थंड ठेवणारं मशीन, चिलर, बंद पडायला लागला. दुपारी ट्रिप व्हायचा, मी चालू करायचो, पुन्हा ट्रिप. समुद्राची वाफ दाराच्या फटीतून आत यायची, मग मशीन चाललं की हवा कोरडीठाक. मी नवं युनिट मागितलं. गोदामाचे मॅनेजर रत्नागिरीकडचे, इथे जन्म काढलेले, माझ्याशी मराठीतच बोलतात. म्हणाले, 'नवीन मफी, भाऊ, नाही मिळायचं. दगड साहेबांच्या नव्या घरात जायचाय. तोपर्यंत ढकला कसंतरी.' मी ढकललं. एका सकाळी दार उघडलं तर दगडाच्या पायाशी पिठासारखी भुकटी पडली होती. मी उकिडवा बसलो आणि फुंकर मारायला तोंड उघडलं, आणि तिथेच थांबलो. तुम्ही माझ्यावर एकदाच हात उगारलात तो याच्यावरून. शेडमध्ये मी पाटीवरची धूळ फुंकली आणि तुम्ही ओरडलात, 'फुकायचं न्हाई! फडक्यानं पुसायची. परत दिसलास तर इथं पाय ठेवू देनार न्हाई.' तुम्ही मात्र दिवसभर फुंकत होतात. फडकं कुठलं परवडतंय हातोडीच्या लयीला. आई तुम्हाला अंग झटकल्याशिवाय स्वयंपाकघरात घेत नसे, भाकरीचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि तुम्ही खोकत खोकत हसायचात. मग मिरजेला डॉक्टरांनी तुमच्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि तुमच्याशी न बोलता आईला बाहेर बोलावलं.

बाई आल्या. त्यांनी बोटाच्या पेरानं दगडावर टकटक करायला सुरुवात केली, वरून खाली. बुद्धाभोवती आवाज खणखणीत. अक्षरांच्या मधोमध आल्या आणि आवाज बदलला, भाजून फुगलेल्या पापडावर टिचकी मारावी तसा. त्यांनी हात मागे घेतला. हा दगड शेकडो वर्षं ओल्या शेतात उभा होता, म्हणाल्या. मातीतलं मीठ त्यात चढलंय. हवा दमट झाली की ते विरघळतं, कोरडी झाली की त्याचे खडे होतात आणि आतून ढकलत राहतात. 'आपल्याला दिसतं तोवर आतलं सगळं सुटलेलं असतं. आता याला हलवू नका. हवा स्थिर ठेवा, मी हळूहळू सुटलेल्या कडा पक्क्या करत जाईन. वर्ष लागेल.'

वर्ष कुणाकडे नव्हतं. नव्या घरात पाहुणे यायचे होते, भिंत तयार होती, तिच्यावर दिवे बसले होते. बाईंनी फोन केले, मेल पाठवले. मग एका दुपारी त्या ओला कागद आणि शाई घेऊन आल्या आणि दगडासमोर स्टूल टाकून बसून राहिल्या. निदान शेवटचा ठसा घ्यावा, असं त्यांना वाटत होतं. पण कागद काढताना अक्षरं कागदाबरोबर येतील, हेही त्यांना माहीत होतं. तुमच्याबद्दल मी त्यांना एकदा सांगितलं होतं. 'तुमचे वडील कोरायचे ना?' त्यांनी विचारलं. 'त्यांनी काय केलं असतं?' तुम्ही ओलं काही लावू दिलं नसतंत असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, तुम्ही लावलं असतंत. शेवटी कागद गुंडाळला आणि आम्ही फोटो काढायचे ठरवले. मी बाजूनं बॅटरी धरली, तिरका उजेड पडला की खोदकाम ठळक दिसतं. बॅटरी ओळीवरून सरकत होती, आणि उजेडात एक अक्षर सुटलं. कुणी हात लावला नव्हता. कांद्याचा पापुद्रा निसटावा तसं ते खाली घसरलं आणि जमिनीवर आपटायच्या आधीच त्याची वाळू झाली.

'कुठलं होतं?' मी विचारलं.

'सात,' बाई म्हणाल्या. मग पुढची ओळ त्यांनी मनातल्या मनात वाचली असावी, ओठ हलले. 'आता नुसतं पिढ्यांचे आईबाप.'

मॅनेजर दुसऱ्या दिवशी सहीसाठी आले. हवामान व्यवस्थित होतं, वस्तू हलवायला हरकत नाही, एवढंच लिहून द्यायचं होतं.

'मी देणार नाही,' म्हणालो. 'तो रस्त्यातच फुटेल.'

'भाऊ, दगड आहे तो. दीड हजार वर्षं नाय फुटला.'

'चिलर तुमच्यासमोर ट्रिप होत होता.'

त्यांनी आवाज चढवला नाही. 'तुमची पोरगी इथंच शिकते ना?' एवढंच विचारलं, खिशात पेन ठेवलं आणि गेले. सही दुसऱ्या कुणीतरी केली. दगड फोममध्ये गुंडाळला, पट्ट्यांनी बांधला, आणि तो पोहोचेपर्यंत मी ट्रकच्या मागे गाडी चालवत गेलो. ट्रक कुठे खड्ड्यात आदळला नाही, कुठे जोरात थांबला नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. बंगल्यात फोम उघडला तेव्हा आतून आधी वाळू आली, मग खपल्या, मग पुन्हा वाळू. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि खपल्या वेचू लागल्या. बोटांत धरल्या की त्या चुरत होत्या. कुणीतरी व्हॅक्यूम क्लीनर आणला.

दगड तिथे उभा आहे, अण्णा. वर ड्रॅगन, कोनाड्यात बुद्ध, आणि खाली काहीही नाही. त्या काहीही नसलेल्या जागेवर वरून दिवा सोडला आहे आणि पाहुणे तिथे उभे राहून फोटो काढतात. 'साहेब म्हणाले, असाच बरा दिसतो,' मॅनेजरनी मला सांगितलं, 'मॉडर्न.' बाई परत गेल्या. माझ्या व्हिजाच्या रिन्यूअलचं विचारलं की मॅनेजर इंशाल्ला म्हणतात आणि फोन ठेवतात. गोदामात दुसऱ्या पेट्या आल्यात. चिलर तोच आहे, रोज दुपारी बंद पडतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. तरी एक राहिलं. ऑगस्टमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा मुलीला घेऊन कराडजवळच्या एका शाळेवरून जात होतो. दाराशी जुनी कोनशिला दिसली म्हणून थांबलो. काळा दगड, चुन्याचे ओघळ. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, 'डिड आजोबा मेक धिस?' मी जवळ गेलो. 'श्री' बघितला, काना बघितला, कडा बघितल्या. फोटोसाठी तिचा फोन तयार होता. मी हो म्हणालो. तुमचं अक्षर मला ओळखता येत नाही, अण्णा.