बॉनेटखालचा सागवानी ठोकळा

तीर्थरूप दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपलं रीतीप्रमाणे लिहिलं. गाडीच्या बॉनेटखाली वाकून वाकून कंबर अशी धरली आहे की सध्या आठांपैकी दोनच अंगं नमस्काराला मोकळी आहेत.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सकाळी खरोखर फिरायला जाता, की चपला घालून दारात उभे राहता आणि फोनवर ‘फिरून आलो’ म्हणून सांगता? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. खुशाल नाही ती गाडी, आणि तिच्यासाठीच हे पत्र. फोनवर तुम्ही माझं बोलणं मधेच तोडता, पत्राला तो धोका नाही.

आधी थोडं भांडून घेतो. दुकान दुसऱ्याच्या हाती सोपवल्यापासून तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत. बोलावलं की तुमचं एकच, ‘काम असेल तर सांगा, येतो. नुसता बसायला कशाला? बिनकामाचा पाहुणा घराला जड होतो.’ उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये काढलेला माणूस असं बोलणारच, हे मला कळतं. तुमच्या बहिणीला ते कळत नाही. ती ‘बरं’ म्हणून फोन ठेवते आणि पुढच्या खोलीत तुमच्यासाठी झटकून ठेवलेल्या पलंगावर रागारागाने वाळलेले कपडे आणून टाकते. संध्याकाळी तेच कपडे उचलून चादर पुन्हा सारखी करते. हे रोजचं झालं आहे आणि मला ते बघवत नाही. तेव्हा दादा, काम निघालं आहे. चांगलं भरभक्कम काम आहे. सविस्तर ऐका.

आमच्या गाडीतला रेडिओ गेले कित्येक महिने फक्त खरखरत होता. तुमची बहीण त्या खरखरीतही गाणी ओळखायची (निम्मी चुकीची, पण मी कशाला बोलू?). म्हणून तिच्या वाढदिवसाला मी नवा प्लेअर, मोठे स्पीकर आणि आवाज वाढवणारा अँप्लिफायर असं सगळं घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, बसवून देतो. मी म्हणालो, छे, मी स्वतः कारागीर आहे. स्पीकरसाठी सागवानी पेटी केली, कोपऱ्यांत जोड असे बसवले की नखसुद्धा जाणार नाही. पेटी इतकी देखणी झाली की त्या भरात मला वाटलं, आता राहिलंय काय? एक वायर तर ओढायची!

ती वायर म्हणजे बोटाएवढी जाड तांबडी केबल. बॅटरीपासून निघून, इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यातून आत येऊन मागच्या सीटखाली जाणारी. तिच्यावर बॅटरीजवळ एक फ्यूज, तो त्याच्या डबीत, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं, की ही डबी घट्ट बसवावी. दादा, घट्ट बसवणं मला शिकवायचं? मी बसवलेले दरवाजे लोकांना उघडता येत नाहीत! मी सागवानाचा एक छान ठोकळा कापला, घासला, कडेने बारीक वेल कोरली, पॉलिशचे हात दिले, त्यावर स्क्रूने डबी बसवली, आणि तो ठोकळा इंजिनशेजारच्या पत्र्याला आपल्या नेहमीच्या सुतारी गोंदाने चिकटवला. वर शिकंजा लावून सकाळपर्यंत आवळून ठेवला. सकाळी हलवून पाहिला तर हूं की चूं नाही. (पत्रा थंड होता, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. पण लाकूड काही आपणहून तापत नाही, त्यामुळे आमच्या धंद्यात हा विचार करायची सवय नाही.) केबल आत घ्यायला पत्र्याला भोक पाडलं आणि तिला त्यातून तशीच ओवली. भोकाच्या कडेला रबरी कडं लागतं, हे मला आता माहीत आहे.

मग आम्ही दोघं नवी गाणी लावून फिरायला निघालो. तुमची बहीण इतकी खुश होती म्हणून सांगू! खिडकीची काच खाली, पदर वाऱ्यावर आणि बाई गायिकेच्या एक शब्द पुढे. पुलाचा चढ लागल्यावर म्हणाली, “अहो, काय सुरेख तबला ऐकू येतोय! जुन्या रेडिओवर हा कधी कळलाच नव्हता.” मीही ऐकला. खरंच, एकेक ठोका असा की छातीत वाजावा. मला वाटलं, ही माझ्या पेटीची करामत. मी पेटीच्या लाकडावर आणि जोडांवर लांबलचक बोललो. तिने ते ऐकूनही घेतलं, यावरून ती किती आनंदात होती ते समजा.

पूल उतरताना गाणं बंद पडलं. तबला मात्र चालूच राहिला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पॉलिशचा वास आला. ती म्हणाली, “तुमच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटतंय.” तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धूर निघाला आणि मी गाडी कडेला घेतली. उघडून बघतो तर इंजिनच्या उष्णतेने गोंद सुटून ठोकळा केबलला लोंबकळत होता, खड्ड्याखड्ड्याला पत्र्यावर ठोके देत होता, आणि त्याचा एक कोपरा तापलेल्या पाइपाला टेकून करपला होता. केबल भोकाच्या कडेवर घासून सोलली गेली, पत्र्याला भिडली आणि फ्यूज उडाला. त्या सगळ्या प्रकारात आपलं काम चोख केलं ते एकट्या फ्यूजने. मी खाली मान घालून उभा. तुमच्या बहिणीने फडक्यात धरून तो ठोकळा निरखून पाहिला आणि म्हणाली, “अहो, बॉनेटखाली कोण बघणार होतं? ह्याला वेल कशाला काढलीत?” कधीतरी तुम्ही बॉनेट उघडाल म्हणून तुमच्यासाठी काढली होती, हे त्या रस्त्यावर कसं सांगायचं? मग ती इतकी हसली की फुटपाथवर बसली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, “हे दादाने बघायला हवं होतं,” आणि पुढे घरी पोचेपर्यंत तो ठोकळा फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून बसली.

तर दादा, असं हे काम आहे. माझ्या हातून ते होणार नाही, आणि परक्याच्या हाती गाडी द्यायला मन धजत नाही. तुमची हत्यारं घेऊन या. चार-आठ दिवस मोडतील, तयारीने या. मी टॉर्च धरायला उभा राहीन आणि तोंड उघडणार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
(तुमच्या भाषेत ‘रंधेवाले’)

ता. क. पत्र तुमच्या बहिणीने वाचलं. तिचं म्हणणं, दादाशी खोटेपणा नको, खरं लिहा. तर खरं असं की, कोपऱ्यावरच्या मिशीवाल्या मेकॅनिकने मागच्याच आठवड्यात सगळं नीट करून दिलं. फ्यूजची डबी आता पाइपापासून लांब, लोखंडी पट्टीवर नट-बोल्टने बसवली आहे, भोकाला रबरी कडं आहे, केबल नळीत घालून जागोजागी बांधली आहे. हलवून बघितली, हलत नाही. गाणी उत्तम लागतात. म्हणजे काम काहीच नाही. काम नसताना या. आम्हाला तुमची आठवण येते, आणि मला ती तिच्याइतकीच येते.

ता. क. २. पाकीट टपालपेटीत टाकायला गाडी काढली, तर गाणं लागेना. बॉनेट उघडून पाहिलं. डबी जागच्या जागी घट्ट, केबल घट्ट, फक्त आतला फ्यूज गायब. घरात येऊन विचारलं, तर तुमची बहीण भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दादा आला की सापडेल.”