दारातली मोटार हलली पाहिजे

५ जानेवारी १९५९, सोमवार

आणि आज पुन्हा तेच. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला निघाले तर वाट नाही. एका अंगाला मोटार, दुसऱ्या अंगाला तिच्या तोंडात डोकी घालून वाकलेले तीन बाप्ये. मला माझ्याच अंगणात लुगडं आवळून खेकड्यासारखं आडवं चालावं लागतं. सहा वर्षं झाली. सहा वर्षांत ती हातभर पुढे नाही की हातभर मागे नाही. ह्यांनी पळस्प्याहून आणली तीसुद्धा बैल जुंपून. बैलांनी ओढलेल्या वस्तूला मोटार म्हणायचं.

तिघे म्हणजे आमचे हे, कमळाकर शिंपी आणि भातगिरणीतला बुधाजी. हे दिवसभर मिठागरात, संध्याकाळी मोटारीत. बुधाजी इंजिनाशी तासभर बोलेल, माणसाशी चार शब्द नाही. त्याचे राहिलेले शब्द कमळाकर बोलतो.

आजचा वाद, मोटार सव्वीस सालची का अठ्ठावीसची. तिची पाटी कधीच पडून गेली. कमळाकर म्हणतो दाराची कडी बघा, सव्वीस. बुधाजी म्हणतो चाकाच्या काड्या बघा, अठ्ठावीस. हे, जो शेवटी बोलेल त्याला हो म्हणतात. तेवढ्यात तीनदा चहा.

ठरवलं. संक्रांतीपर्यंत मोटार अंगणाबाहेर, नाहीतर नावाची रंभा नाही. लेकीचं, मालूचं लग्न झाल्यापासून घरात दोनच माणसं. दोन माणसांना शांतपणे राहता आलं पाहिजे. मी तिसरी पास, पण ठराव कागदावर लिहिला की पक्का होतो, म्हणून दुकानदाराकडून फुकट मिळालेल्या या डायरीत लिहिते आहे.

६ जानेवारी

ह्यांना ठराव सांगितला. म्हणाले, बरं.

ह्यांचं बरं म्हणजे पावसात पसरलेलं मीठ. थोड्या वेळानं बघावं तर काहीच नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आजपासून चहा बंद. चूल विझवली, पुढचं दार ओढून घेतलं. चहा नाही तर बैठक नाही, इतका साधा उपाय सहा वर्षांत सुचला नाही याचं नवल वाटतं.

संध्याकाळी. कमळाकर घरून चहाची पुडी आणि गूळ घेऊन आला. दारातून म्हणतो, वैनी, तुमाला तरास नको, आमी इथंच तीन दगड मांडतो. अंगणात चूल मांडणार, तीही पेट्रोलच्या बाटलीशेजारी. घर पेटलं असतं. म्हणून मीच केला. त्याच्या पुडीतली भुकटी चहाची होती की लाकडाच्या भुशाची देव जाणे, म्हणून माझीच पावडर घातली. आलंही घातलं, कारण ते सुकत चाललं होतं.

हा काही पराभव नाही.

१२ जानेवारी

मी त्यांचं ऐकत नाही. मला वेळ कुठला. पण स्वयंपाकघराची खिडकी मोटारीवरच उघडते त्याला मी काय करू. आज बुधाजी म्हणाला, मॅग्नेटो मेलाय, ठिणगीच पडत नाय. मी आतून म्हटलं, दसऱ्याला म्हणाला होतात मॅग्नेटो चांगला आहे, बिघाड कारबुरेटरात. मग कमळाकर म्हणाला, वैनीला बरोबर आठवतंय. बुधाजीनं पुन्हा सगळं खोलायला घेतलं.

मी बोलले ते काम लवकर आटपावं म्हणून. मग एस.टी.चा टाइम बदलल्याचं निघालं, कोणाची म्हैस खाडीत अडकल्याचं निघालं. ती म्हैस विचुंबे गावची नव्हतीच, तेही मलाच सांगावं लागलं. नाहीतर चुकीचंच बोलत बसले असते.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्यायला आले. कमळाकर म्हणाला, आता गोड बोला वैनी. म्हटलं, मोटार काढा, मग बोलते. बुधाजी हसला. सहा वर्षांत हे दुसऱ्यांदा.

सणाच्या दिवशी दारातली वस्तू बाहेर काढणं बरं नाही. मुदत होळीपर्यंत वाढवली. ती शेवटची.

१९ जानेवारी, सोमवार

हे मिठागरात असताना भंगारवाल्याला बोलावला. कुणाला विचारलं नाही.

मेल्यानं एक फेरी मारली आणि चाकाला लाथ घातली. म्हणे, बाई, यात काय आहे, नुसता गंज. नुसता गंज? मी त्याला बॉनेट उघडून दाखवलं. चारही प्लग घासलेले, पंख्याचा पट्टा नवा, सीटचं चामडं अस्सल, वरचा कपडा कमळाकरनं स्वतः दुहेरी शिवणीनं शिवलेला. अठ्ठावीसचं मॉडेल आहे, सव्वीसचं नव्हे, चाकाच्या काड्या बघ म्हटलं. तो म्हणाला, एवढी चांगली आहे तर विकता कशाला. मी त्याला फाटकाबाहेर काढला.

माणूस व्यवहाराला चोख नव्हता. नाहीतर आजच काम झालं असतं.

२ फेब्रुवारी

आता पक्का उपाय. रोग मोटार नाही, माणसं आहेत. अंगणाचं तोंड सताड उघडं, म्हणून सायकली आत, हत्यारांच्या पेट्या आत, सगळा बाजार आत. उद्या गवंडी येतो. पुढून कमरेइतकी भिंत, एक माणूस जाईल एवढंच फाटक, कडी आतून. हे दोन दिवस मिठागरातच राहायला आहेत. परत येतील तोवर भिंत उभी.

४ फेब्रुवारी, बुधवार

भिंत झाली. सुंदर. शेजारची भामा बघायला आली, म्हणाली, रंभे, मोटार आतच ठेवलीस का. म्हटलं, मग काय डोक्यावर घेऊ. ती भिंतीकडे बघत राहिली. तिला बांधकामातलं काय कळतं.

५ फेब्रुवारी

बुधाजीनं फाटकाला हातानं माप घातलं. मग मोटारीला घातलं. मग पुन्हा फाटकाला. म्हणाला, वैनी, मोटार आता कायमची तुमचीच झाली. आणि हसला. तिसऱ्यांदा.

हे माझ्या ध्यानात होतंच. भिंत वाळली की बघता येईल. हे आल्यावर बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले. म्हणाले, बरं.

९ फेब्रुवारी

सायकली बाहेर राहिल्या. तेवढा उपाय लागू पडला. माणसं मात्र भिंतीवर बसतात. कमरेइतकी उंची बसायला इतकी नामी होईल असं गवंड्यानं आधी सांगायला हवं होतं. कमळाकर म्हणतो, वैनीनं आमची सोय केली, सहा वर्षं उकिडवे बसून गुडघे गेले होते. कपबशी ठेवायलाही तिथं जागा होते. चहा मी फाटकातून देते. आत बोलवत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज डोकं फिरलं. दुपारपासून भात कांडत होते, खांदे भरून आले होते. हे घरी नव्हते, बुधाजी यायचा होता. कमळाकर एकटाच दिवस मावळायच्या आधीच येऊन भिंतीवर बसलेला. काही करत नव्हता, नुसता बसला होता. मी चहा दिला आणि म्हटलं, तुला घरदार नाही का रे, बायकोनं हाकलून दिलाय का, रोज इथं येऊन पडतोस ते.

तो चहा अर्धा प्यायला, रांजणावर जाऊन कपबशी स्वतः विसळली, पालथी घातली आणि गेला.

बोलायलाच हवं होतं कधीतरी. बरं झालं.

१३ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. यश आलं. हे जेवून भातगिरणीकडे गेले. आता बैठक तिकडे.

शांतता चांगली आहे. अंगण झाडलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

शांतता आहे. अंगण झाडलं. दुपारी पुन्हा झाडलं. मोटारीवर धूळ फार बसते, म्हणून आत बसून सीट पुसलं. तिथं बसलं की भिंतीपलीकडचा रस्ता चांगला दिसतो. साफसफाईला तासभर लागला.

हे घरी काही सांगत नाहीत. गिरणीत काय बोलणं निघालं विचारलं तर म्हणतात, नेहमीचंच. सहा वर्षं मला कधी विचारावं लागलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भामाकडून कळलं. कमळाकरची बायको सत्यवती महिनाभर मुंबईला इस्पितळात आहे. छातीचं दुखणं. पोरं आजोळी. तो दर रविवारी एस.टी.नं जातो, भेटून येतो. इतर दिवशी संध्याकाळी घरात कोणी नसतं.

भामाला ठाऊक. तिच्या सुनेला ठाऊक. खाडीवरून म्हावरं विकायला कोळीण येते तिलाही ठाऊक. ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाले, तू इचारलंस कधी. मी म्हटलं, तो हसत होता, चहा पीत होता, सव्वीस का अठ्ठावीस करत होता, मला कसं कळणार. हे म्हणाले, म्हणून तर येत व्हता.

मी काही चुकीचं बोलले नाही. माहीत नसताना बोललं ते बोललं. तरी भाकरी दोनदा करपली. पीठ खराब असावं.

२० फेब्रुवारी

बुधाजीचा निरोप, ह्यांच्या तोंडून. पुढच्या शनिवारी चार माणसं आणतो, भिंतीचा एक भाग काढतो, मोटार गिरणीच्या छपराखाली नेतो, भिंत पुन्हा लावून देतो. वैनीला अंगण मोकळं. होळीच्याही आधी.

म्हणजे मला पाहिजे होतं तेच. तंतोतंत तेच.

मी म्हटलं, बरं. ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

जायचीच आहे तर चालू होऊन जाऊ दे. सहा वर्षं ऐकते आहे, त्या तिघांपेक्षा मला जास्त येतं. कृती अशी. बाटलीतलं पेट्रोल थोडं कारबुरेटरात. स्टिअरिंगवरची ठिणगीची दांडी मागे. हँडल खालून वर ओढायचं. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच अंगाला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं आलं की हात मोडतो. हे बुधाजी दर पंधरा दिवसांनी सांगतो, मला पाठ आहे.

हे मिठागरात. रस्त्यावर कोणी नाही. आता जाते.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

डाव्या हातानं लिहिते आहे. अंगठा गुंडाळला गेला.

पण आवाज आला. सातव्या वेळी. फट्, मग दोनदा फट् फट्, मागून धूर, भामाच्या कोंबड्या कौलावर. मग हँडल उलटं आलं. मनगट सुजलं, मोडलेलं नाही. पण मोटार बोलली. सहा वर्षांत कोणाकडून बोलली नाही ती माझ्याकडून बोलली. मी वळून खिडकीकडे बघितलं, मग भिंतीकडे. सांगणार कोणाला. भामा आली ती कोंबड्यांवरून भांडायला.

ह्यांना सांगितलं. हळद लावता लावता म्हणाले, तुला भास झाला आसंल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठी लिहिली. अक्षर हातामुळे वाईट आहे, एरवी बरं असतं. ह्यांच्याबरोबर कमळाकरच्या दुकानात धाडते आहे. उद्या कोणी लिहिलंच नाही म्हणू नये म्हणून इथं उतरून ठेवते.

कमळाकर भावजी यांस,

येत्या शनिवारी मोटार न्यायची नाही. भिंत तुम्ही पाडायची नाही, मी बांधली आहे, मोटार चालू झाली की मीच गवंड्याला सांगून पाडीन. मोटार जिथं आहे तिथंच दुरुस्त होईल.

त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याबद्दल. सत्यवतीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढंच लिहिते. येत्या रविवारी इस्पितळात जाल तेव्हा सकाळच्या एस.टी.आधी इकडून जायचं, तिच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या कोळंबीचे सोडे बांधून देते. इस्पितळातलं जेवण कोणाला जात नाही.

दुसरं. परवा शनिवारी मोटारीनं तीनदा आवाज दिला. मॅग्नेटो जिवंत आहे, बुधाजींना सांगा. दांडी कुठं होती आणि पेट्रोल किती घातलं ते चिठ्ठीत लिहिणार नाही. समोर येऊन विचारायचं, तिघांनीही, संध्याकाळी, भिंत पडायच्या आत, कारण मग बसायला जागा नाही. ह्यांना भास वाटतो, म्हणून तुम्ही येऊन ऐकलंच पाहिजे. हँडल बुधाजी मारतील, माझा हात बरा नाही.

येता की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा. ह्यांच्याबरोबर तोंडी निरोप नको, ते नुसतं बरं म्हणतात. गुरुवारपर्यंत लेखी उत्तर पाहिजे.